राजाची बाजू

आमच्या घरात लोकशाही आहे, असं मी आल्यागेल्याला सांगत असे. मुलगी मला "अरे बाबा" म्हणते, बायको नावाने हाक मारते, रविवारी कुठे जायचं ते तिघं मिळून ठरवतो, वगैरे वगैरे. माझ्या वडिलांसमोर मी तिशी उलटेपर्यंत खुर्चीला पाठ टेकून बसलो नव्हतो, त्यामुळे मला हे सगळं फार पुढारलेलं वाटायचं. वेलिंग्टनजवळच्या लोअर हटमधल्या आमच्या त्या तीन खोल्यांच्या घरात एक राजा राहतो आणि तो मीच आहे, हे मला २०१७ सालच्या दिवाळीत कळलं. तेही माझ्या मुलीने राजाची वकिली केली म्हणून.

ती तेव्हा तेराव्या इयत्तेत होती, म्हणजे इथल्या शाळेचं शेवटचं वर्ष. इतिहास हा तिचा जीव की प्राण. वर्गात त्यांचं सतराव्या शतकातलं इंग्लंड चाललं होतं. प्रजेने आपल्याच राजावर खटला भरला आणि त्याचं डोकं उडवलं, ते प्रकरण. इतिहासाच्या बाईंनी ठरवलं की तो खटला वर्गात पुन्हा चालवायचा, पालकांना बोलवायचं आणि पालकांनीच हात वर करून निकाल द्यायचा. चिठ्ठ्या टाकून बाजू वाटल्या. आमच्या कन्येच्या चिठ्ठीत राजाचा बचाव आला. ती घरी आली ती तोंड पाडूनच. ज्याची बाजू आज जगात कोणी घेत नाही त्याच्या बाजूने मी काय बोलू, असं तिने इंग्रजीत विचारलं. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. वयाच्या पाचव्या वर्षी ती इथे आली, तेव्हा तो दोष तिचा नाही.

मी म्हटलं, चल, आपण दोघं मिळून राजाला वाचवू. मला उत्साहच आला. दिवसभर सरकारी खात्याच्या संगणकांवर कोणाला काय उघडता येईल आणि काय नाही, हे ठरवत बसणाऱ्या माणसाला राजाबिजाचा विषय कुठून मिळणार? मग दोन-तीन आठवडे संध्याकाळी जेवणं आटोपली की टेबलावर तिच्या वह्या पसरायच्या, ती त्या काळातल्या राजाच्या समर्थकांचे मुद्दे मला सांगायची आणि मी त्यांना धार लावून द्यायचो.

पहिला मुद्दा देवाचा. राजाला प्रजेने निवडलेलं नसतं, देवाने नेमलेलं असतं, म्हणून त्याचा न्याय करायचा तर तो देवाने. राज्याभिषेकाच्या वेळी त्याच्या अंगाला पवित्र तेल लावत. फ्रान्समधल्या तेलाबद्दल तर असा समज होता की ते मुळात स्वर्गातून एका पक्ष्याने आणलं. राजाने नुसता हात लावला तर गंडमाळा बऱ्या होतात असं लोक मानत, आणि त्यासाठी रोग्यांच्या रांगा लागत. हे ऐकून माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, मग माझ्या मानेलाही हात लावायला सांगा कोणाला तरी. ती बालवाडीत शिकवते. दिवसभर मुलांना कडेवर घेऊन तिची मान धरलेली असते.

दुसरा मुद्दा बापाचा, आणि तो मला सगळ्यात जास्त पटला. पहिला माणूस हाच पहिला बाप आणि म्हणून पहिला राजा. बापाची सत्ता काही मुलांनी मतं देऊन दिलेली नसते, ती जन्मापासूनच असते. राजा म्हणजे अख्ख्या देशाचा बाप. आईबापांचा मान राखा ही धर्माची आज्ञा राजालाही लागू. मुलगी हे वाचून दाखवताना नाक मुरडत होती. मी मात्र खुर्चीत पुढे सरकलो. मी तिला आपल्याकडचा कुटुंबाचा कर्ता समजावून सांगितला. एकत्र कुटुंबात एकच जण निर्णय घेतो, सही त्याची चालते, आणि म्हणून घर टिकतं. मग ओघातच माझी स्वतःची गोष्ट सांगितली. मला झाडांचं वेड होतं, शेतकी कॉलेजला जायचं होतं. वडिलांनी इंजिनिअरिंगचा फॉर्म आणला, स्वतःच्या अक्षरात भरला आणि माझ्यापुढे सहीपुरता ठेवला. मी सही केली.

"आणि माझं काय वाईट झालं?" मी तिला विचारलं.

तिने ते वाक्य वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, मुद्दा आवडला.

बाकीचेही मुद्दे होते. देश म्हणजे शरीर आणि राजा डोकं, हातपायांनी डोक्याला हुकूम द्यायचा नसतो. सत्तेचे तुकडे करता येत नाहीत, केले तर भाऊ भावाचा गळा कापतो. फ्रान्समध्ये धर्मावरून वर्षानुवर्षं कत्तली झाल्या होत्या, त्या पाहिलेल्या लोकांना एका माणसाच्या हाती सगळं देणं परवडण्यासारखं वाटलं. एक जण तर असा होता की त्याने देवाचं नावसुद्धा फारसं घेतलं नाही. माणसं एकमेकांना घाबरतात, म्हणून सगळे मिळून एकाला सर्व अधिकार देऊन टाकतात, असं त्याचं साधं म्हणणं. मुलीला हा सगळ्यात हुशार वाटला. ती म्हणाली, बाकीचे गोष्टी रचतायत, हा खरं बोलतोय, सगळ्याच्या मुळाशी भीतीच आहे.

माझ्या भीतीबद्दल सांगायला हवं. आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात मोठा भूकंप झाला तेव्हा आम्ही तिघं याच जेवणाच्या टेबलाखाली बसलो होतो. सकाळी पाहिलं तर मुलीच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ उठले होते. मी तिला किती घट्ट धरलं होतं ते माझं मलाच कळलं नव्हतं. आमची ऑफिसची इमारत पुढे कितीतरी आठवडे बंद होती. त्यानंतर माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली, ती म्हणजे आपण तिघांनी एका छताखाली राहायचं. आणि नेमकं मुलीला जायचं होतं डनेडिनला. मधे समुद्र, आणि पलीकडे बेटाचं पार दुसरं टोक. तिला तिथल्या विद्यापीठात इतिहास आणि कायदा शिकायचा होता. मी इतिहासाला नाही म्हटलं नव्हतं, हं. इतिहास शीक, पण वेलिंग्टनला शीक, घरून ट्रेनने जा-ये कर, एवढंच माझं म्हणणं. ती ऐकेना. शेवटी मी मोठ्या मनाचा आव आणून अट घातली की होस्टेलमध्ये जागा मिळाली तर जा, नाही मिळाली तर वेलिंग्टन. तिने ती अट मान्य केली. जागा मिळणार नाही अशी माझी खात्री होती. खात्री कसली, इच्छा.

दिवाळीच्या आठवड्यातल्या सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला, मी ऑफिसात असताना, होस्टेलची मेल आली. जागा मिळाली होती. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत होकार कळवला नाही तर जागा दुसऱ्याला जाईल, असं खाली लिहिलं होतं.

ही मेल मला आली कशी? तर मुलगी नऊ वर्षांची असताना तिचं मेलचं खातं मी उघडून दिलं होतं, आणि तिला येणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत मला यावी अशी सोय करून ठेवली होती. तेव्हा ते योग्यच होतं. पुढे ती सोय बंद करायची मी विसरलो, असं कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. विसरलो नव्हतो. घरातले सगळे पासवर्ड माझ्या लाल डायरीत असत, बायकोचे, मुलीचे, बँकेचे, विजेच्या बिलाचे. सगळ्यांना ते सोयीचं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

मी तिच्या खात्यात शिरलो, ती मेल समोरच्या यादीतून उचलली आणि आतल्या कप्प्यात टाकली, जिथे कोणी बघत नाही. पुसून टाकली नाही. तेवढी लाज शिल्लक होती, किंवा तेवढी चलाखी. दोन-चार सेकंदांचं काम. दुसऱ्याच्या खात्यात असं शिरणाऱ्याला शोधून काढणं हीच माझी नोकरी आहे. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने चहाला येतोस का विचारलं आणि मी गेलो. चहाला चव लागली.

संध्याकाळी घरी पोचलो तर बायकोने दारातच मुलीला विचारलं, "आलं का गं काही?" मुलगी म्हणाली, नाही. मी बूट काढायला खाली वाकलो आणि बराच वेळ वाकलेलाच राहिलो.

गंमत अशी की मला त्या आठवड्यात कारणं शोधावी लागली नाहीत. ती सगळी टेबलावर तयार होती, मीच धार लावलेली. बापाची सत्ता मुलांनी दिलेली नसते. डोक्याला जे दिसतं ते पायांना दिसत नाही. घराचे तुकडे झाले तर सावरणार कोण? ट्रेनमध्ये खिडकीशी बसून मी स्वतःला हे सगळं ऐकवायचो आणि वेलिंग्टन येईपर्यंत मला ते पटलेलंही असायचं. घराकडे परत येताना मात्र पटत नसे.

मंगळवारी जेवताना मुलीने अचानक विचारलं, तुझ्या ऑफिसात सगळ्या किल्ल्या कोणाकडे असतात? खटल्यात समोरची बाजू असलं काहीतरी काढेल, तिला तयारी करायची असेल, असं मी समजलो. म्हटलं, कोणाकडेच नसतात. एकाच माणसाच्या हाती सगळं द्यायचंच नाही, हा आमचा पहिला नियम. मोठा बदल करायचा तर दोघांची संमती लागते, आणि कोण कधी कुठे शिरलं त्याची नोंद आपोआप होते. खुद्द माझीसुद्धा.

"का पण?" तिने विचारलं.

"माणसाचा भरवसा नसतो म्हणून. चांगल्या माणसाचाही नसतो."

तिने तेही वहीत लिहिलं. मी वरण वाढून घेतलं. मला घाम फुटला होता आणि तो वरणाच्या वाफेचा आहे असं दाखवायला मी वाटी तोंडाजवळ धरून बसलो.

बुधवारी अभ्यंगस्नान. बाहेर ऑक्टोबरातला बोचरा वारा, आत तेलाचा आणि उटण्याचा वास. नरकासुर म्हणून फोडायला इथे कारीट मिळत नाही, म्हणून आम्ही किवी फोडतो. मुलीने टाचेखाली तिचा पार चेंदामेंदा केला. दरवर्षी ती आढेवेढे घेते, या वर्षी घेतले नाहीत. बायकोने माझ्या डोक्याला तेल लावलं, मुलीच्या लावलं, आणि मेलबद्दल काही विचारलं नाही. मला हायसं वाटलं. दिवसभर मुलीच्या खात्यातून माझ्याकडेही काही आलं नाही. चला, म्हटलं, आता आणखी काही लपवावं लागणार नाही.

गुरुवारी लक्ष्मीपूजन. मुलीच्या मैत्रिणीला डनेडिनला जागा मिळाल्याचं मुलीनेच चकली खाता खाता सांगितलं. आवाज अगदी सरळ. मी तिच्या तोंडाकडे बघू शकलो नाही. त्या क्षणी सांगून टाकावं असं फार वाटलं. सगळे पूजेच्या चौरंगाभोवती बसलो होतो, समोर समई होती, सांगायला याहून चांगली वेळ कोणती? पण मी मूग गिळून बसलो. उद्या पाचनंतर प्रश्नच मिटेल, थोडे दिवस रडेल, मग वेलिंग्टनला रुळेल, आणि वीस वर्षांनी म्हणेल, माझं काय वाईट झालं? हे वाक्य मनात आलं आणि मला स्वतःचीच किळस आली. खरंच किळस आली. तरीही बोललो नाही.

शुक्रवारी पाडवा, आणि त्याच दुपारी खटला. दोन वाजता मी अर्धी रजा टाकून शाळेत पोचलो. बायको तिच्या बालवाडीतून परस्पर आली. शाळेच्या ग्रंथालयात खुर्च्या मांडल्या होत्या. बाईंनी पदवीदानाचा काळा झगा घातला होता, त्या न्यायाधीश. त्यांनी सगळ्यांना "किआ ओरा", म्हणजे इथला नमस्कार, म्हणून बसवलं आणि सांगितलं की खरा राजा शेवटपर्यंत या न्यायालयाला न्यायालय मानायलाच तयार नव्हता, आपण मात्र त्याच्या वकिलाला बोलू देणार आहोत. राजा झालेला मुलगा डोक्यावर मोठी टोपी घालून बसला होता. ती त्याने एकदाही काढली नाही. विरुद्ध बाजूला एक उंच मुलगी होती. माझी मुलगी उभी राहिली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते. अडीच तास राहिले होते.

ती इंग्रजीत बोलली आणि सुंदर बोलली. देव, तेल, बाप, डोकं, भीती, सगळे मुद्दे एकामागून एक आले, पण आमच्या टेबलावर जे होते ते हे नव्हते. तिने ते खरे करून मांडले. ती म्हणाली, तुम्ही या लोकांना हसता, पण त्यांनी जळलेली गावं पाहिली होती, त्यांना वाटलं की एक भक्कम हात असलेला बरा. मग ती म्हणाली, माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, त्याच्या वडिलांनी त्याचं आयुष्य एका फॉर्मवर स्वतःच्या अक्षरात लिहून टाकलं, आणि तो आजही विचारतो की माझं काय वाईट झालं. त्या माणसाचं आपल्या वडिलांवर प्रेम आहे. राजावर प्रेम करणारे लोक असेच होते, मूर्ख नव्हते.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या पाठीकडे पाहत राहिलो.

मग ती उंच मुलगी उठली. तिने एकच प्रश्न विचारला. राजा चुकला तर प्रजेने काय करायचं?

माझी मुलगी म्हणाली, राजाचे समर्थक सांगत की प्रजेकडे दोनच उपाय आहेत, प्रार्थना आणि अश्रू. पालक हसले. बस, एवढंच, असं त्या मुलीने विचारलं. माझी मुलगी हसली नाही. ती म्हणाली, आणखी एक गोष्ट ते सांगत, ती सगळे विसरतात. राजाची सत्ता पूर्ण आहे, याचा अर्थ ती लहरी आहे असा नाही. त्याला कोणी जाब विचारू शकत नाही, म्हणूनच त्याने स्वतःला तो रोज विचारायचा असतो. त्याची चूक दुसऱ्या कोणी दाखवायची नाही, म्हणून ती त्यानेच येऊन सांगायची असते. माझा सगळा बचाव या एका गोष्टीवर उभा आहे. असा राजा जर नसेलच, तर मी ही केस हरले.

ती बाईंकडे बघून बोलत होती, माझ्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. माझे कान मात्र तापले होते.

बाईंनी मतं घेतली. राजा दोषी आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. माझा हात वर गेला. मी ठरवून केलं असं म्हणता येणार नाही, तो गेला. बायकोचा हात मांडीवरच होता. ती मुलीच्या बाजूने होती. मुलीने हात मोजायला मान फिरवली आणि माझा हात पाहिला. राजा बऱ्याच मतांनी दोषी ठरला. टाळ्या झाल्या, बाईंनी दोन्ही वकिलांना मिठी मारली, आणि मुलांनी टोपीवाल्या राजाला गमतीने बाहेर ओढत नेलं.

पाडव्याची फुलं घ्यायला बायको तिच्या गाडीने पुढे गेली. मुलगी माझ्या गाडीत बसली. पावणेचार झाले होते. मी किल्ली फिरवली नाही.

तू माझ्या विरुद्ध मत दिलंस, असं ती इंग्रजीत म्हणाली.

"हो," मी म्हणालो. मग सांगून टाकलं. सोमवारची मेल, ती कुठे आहे ते, पाच वाजेपर्यंतची मुदत. भूकंपाचं काही बोललो नाही, तिच्या काळजीचं काही बोललो नाही. तोंडात येत होतं, पण गिळलं. खिशातून फोन काढून तिच्यापुढे धरला आणि म्हणालो, "अजून सव्वा तास आहे. आत्ता हो म्हणून कळव. मी चुकलो. फार वाईट वागलो."

तिने फोन घेतला नाही. बाहेर वाऱ्याने गाडी हलत होती. ती बोलली ती मराठीत, आणि कितीतरी वर्षांनी सलग बोलली.

"मी मंगळवारीच हो म्हटलंय, बाबा. मेल यायला हवी होती, सगळ्यांना येत होती, म्हणून मी आत जाऊन बघितलं. कोण शिरलंय ते कुठे बघायचं, तूच शिकवलं होतंस मला. तिथे तुझ्या ऑफिसच्या संगणकाचा पत्ता दिसला. मग तुला मेल जाणं बंद केलं आणि हो म्हणून कळवलं."

माझ्या डोळ्यांसमोर तो आठवडा उलटा फिरला. मंगळवारपासून तिच्या खात्यातून एकही मेल मला आली नव्हती. नोंदी एकाएकी थांबल्या की सगळ्यात आधी संशय घ्यायचा, हे मी नव्या माणसांना पहिल्याच दिवशी शिकवतो. मी ते नशीब समजून बसलो होतो.

"आईला माहीत आहे?"

"मंगळवारीच सांगितलं."

म्हणून बुधवारी तेल लावताना तिने विचारलं नव्हतं. चार दिवस मी समजत होतो की ही चोरी फक्त मलाच ठाऊक आहे, आणि घर सगळं जाणून माझ्यापुढे चकल्या ठेवत होतं.

"मग मला का नाही बोललीस?"

"तू सांगतोस का ते बघत होते." तिने पट्टा लावला, सोडला, पुन्हा लावला. "मी रडले नाही, बाबा. प्रार्थनापण नाही केली. पण रोज वाट बघितली." मग तिने विचारलं, "आज कोर्ट नसतं, तर सांगितलं असतंस?"

खोटं बोलण्याची सवय चार दिवसांत किती मुरते ते मला तेव्हा कळलं, कारण "हो" अगदी ओठावर होतं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

तिने मान हलवली. चल, ती म्हणाली, आई वाट बघत असेल. मी गाडी सुरू केली. मी रडलो, थोडासा, नदीवरच्या पुलावर सिग्नलला थांबलो असताना. तिने पाहिलं आणि खिडकीची काच थोडी खाली केली.

पाडव्याला आमच्याकडे बायको नवऱ्याला ओवाळते आणि मुलगी बापाला. वर्षानुवर्षं मी पाटावर बसत आलो आणि हे आपलं येणं आहे असंच मानत आलो. त्या संध्याकाळी बायकोने रांगोळी काढून पाट मांडला आणि मला बसायला सांगितलं. मला बसवेना. मी म्हटलं, या वर्षी राहू दे. बायको म्हणाली, "बस. ओवाळायचं की नाही ते आम्ही ठरवू." आवाज चढवला नव्हता. मी बसलो.

आधी तिने ओवाळलं. मग मुलीने तबक हातात घेतलं. ऊन अजून खिडकीतून आत येत होतं आणि निरांजनाची ज्योत जेमतेम दिसत होती. तिने माझ्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, तीनदा ओवाळलं. अंगठा कपाळावर नेहमीपेक्षा जोरात दाबला गेला असं मला वाटलं. ती ओवाळणीसाठी थांबली.

मी आत जाऊन कपाटातली लाल डायरी आणून ठेवली होती. ती मी मांडीखालून काढली आणि तबकात ठेवली.

मुलीने डायरी उघडली. पानं चाळली, माझं बारीक अक्षर, प्रत्येक खात्यापुढे तारीख. मग तिने ती मिटली आणि माझ्या हातात परत दिली.

"ही तूच ठेव, बाबा. यातले सगळे पासवर्ड जुने झालेत."

"सगळे?" मी विचारलं आणि बायकोकडे पाहिलं.

ती खाली वाकून निरांजनाची वात पुढे सारत होती. तिने मान वर केली नाही.